एकाच गाण्याचा बँड

२०२१ च्या आषाढी एकादशीची आदली रात्र. साबुदाणा भिजत टाकून मी स्वयंपाकघरातला दिवा बंद करत होते तेवढ्यात मावसभावाचा मेसेज आला, कोपरखैरणेहून. नुसती एक लिंक आणि खाली, "ताई हेडफोन लावून ऐक, आत्ता, उद्या नको." हा मुलगा ड्रम्स वाजवतो आणि महिन्याला पंधरा-वीस गाणी पाठवतो, मी जमेल तशी ऐकते, पण "उद्या नको" असं त्याने आजवर कधी लिहिलं नव्हतं.

ते दिवस कसे होते आठवतंय ना? दुसरी लाट नुकती ओसरत होती, ठाण्यात चरईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या उन्हाळ्यात दोन जण गेले होते, लोकल आमच्यासारख्यांना बंद, माझं ऑफिस ऐरोलीला पण मार्च २०२० पासून मी घरूनच काम करत होते. आणि गाणी ऐकणं जवळजवळ बंदच झालं होतं माझं. म्हणजे मागे काहीतरी चालू असायचं, पण ऐकणं नाही. जे लावायचे ते कॉलेजच्या वेळचंच, ज्यात पुढची ओळ, पुढचा ठोका, सगळं पाठ. त्या वर्षी नवीन काही घरात शिरू देण्याची ताकदच नव्हती असं आता वाटतं.

तर अंधारातच ओट्याला टेकून मी ते लावलं. ड्रम्स आणि बेस, म्हणजे खर्जातली गिटार, आणि बेस कसा, तर एकाच जागी टिच्चून पळणारा, सूर बदलायची घाई नाही आणि थांबायचं नाव नाही. त्यावर एक मुलगी बोलायला लागते. गात नाही हां, बोलते. बँकेत टोकन नंबर पुकारतात ना तशा सपाट आवाजात ती आईबाबांना सांगते की बघा मी शिकले, डिग्री मिळवली. मग मध्येच सवालजवाब होतात, एकीने काहीतरी विचारायचं आणि पलीकडून "काय?" असं यायचं. इथपर्यंत मला वाटत होतं ठीक आहे, मजेशीर आहे, ऐकू. आणि मग गिटार येते. ती आली आणि मला जिना चढून गच्चीचं दार ढकलल्यावर एकदम वारा अंगावर येतो तसं झालं. दोन-तीन सुरांचाच खेळ आहे तो, शिकाऊ मुलगासुद्धा आठवड्याभरात वाजवेल, पण तो जिथे आणलाय ना, इतका वेळ रोखून धरून बरोब्बर त्या जागी, ते काही शिकवून येत नाही.

सव्वातीन मिनिटांचं गाणं. संपलं तेव्हा मी एकटीच हसत उभी होते साबुदाण्याच्या पातेल्यासमोर. परत लावलं. परत लावलं. साडेबाराला फोन बंद पडला.

बँडचं नाव वेट लेग. म्हणजे ओला पाय! जुलै महिन्यात, ठाण्यात, वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाणी भरलेलं असताना मला या नावाचं काही वेगळं वाटलंच नाही, माझेही पाय सकाळपासून ओलेच होते. नंतर कुठेतरी वाचलं की त्या दोघी इमोजींच्या जोड्या लावून नाव शोधत होत्या, पाण्याच्या थेंबांचा एक आणि पायाचा एक, आणि तेच राहिलं. दोघी म्हणजे रिअन टीसडेल आणि हेस्टर चेंबर्स. इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावरच्या. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, पण हा बँड काढला २०१९ मध्ये, आणि तोही कसा, तर एका फेस्टिवलला आकाशपाळण्यात बसल्या होत्या, पाळणा वर गेला आणि वरती असतानाच ठरलं की आपण बँड काढायचा. मला ही गोष्ट फार आवडते. विशीच्या सुरुवातीला नाही ठरवलं त्यांनी. आधी वेगवेगळं गाऊन-वाजवून झालं होतं, रिअन लंडनमध्ये जाहिरातींच्या शूटिंगला कपडेपटाचं काम करायची, हेस्टर घरच्या दागिन्यांच्या धंद्यात होती. आणि त्या वयात, जेव्हा सगळे सांगतात की आता पुरे, तेव्हा यांनी ठरवलं की आता नुसती मजा म्हणून वाजवू.

हे सगळं मात्र मला नंतर कळलं. त्या रात्री फोन चार्जिंगला लावून मी पहिलं काम केलं ते म्हणजे बाकीची गाणी शोधली. नव्हतीच. चॅनेलवर एक व्हिडिओ, १५ जूनला टाकलेला, म्हणजे जेमतेम महिन्याभराचा. लांब पांढरे झगे, गवती टोप्या, मागे शेतं, त्यांनी स्वतःच केलेला. बस. भावाला विचारलं, "बाकीची कुठायत?" तर म्हणाला, "नाहीयेत ताई, एकच आहे."

एकच आहे!

सकाळी आई पूजेला बसलेली आणि मी बाहेर स्पीकरवर हळू आवाजात तेच लावलेलं. आईने देवघरातूनच विचारलं, "शेज काय म्हणतेय गं ती? शेजारतीतली शेज?" मी म्हटलं नाही गं इंग्लिश गाणं आहे, पण ऐकते तर खरंच, ती पुन्हा पुन्हा शेज शेज म्हणतेय. गाण्याचं नावच शेज लाँग! आईचं पुढे चालूच, की आज आषाढी, आज कसली शेज, पंढरपुरात यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंगसुद्धा काढून ठेवतात, देव झोपत नाही. मी डिक्शनरी उघडून बसले. फ्रेंचमध्ये शेज म्हणजे खुर्ची, लाँग म्हणजे लांब. पाय पसरून अर्धवट आडवं होता येईल अशी लांब खुर्ची. आपली शेज आली संस्कृतातल्या शय्येवरून आणि त्यांची शेज आली लॅटिन-ग्रीकमधल्या बैठकीच्या शब्दावरून, दोघींचं नातंगोतं काही नाही, पण ती वस्तू बघा ना, नेमकी खुर्ची आणि शेज यांच्या मधोमध! मला याचा इतका आनंद झाला की मी भावाला व्हॉइस नोट पाठवली चार मिनिटांची. त्यात गाण्याबद्दल कमी आणि शेजेबद्दलच जास्त होतं.

आणि तशी एक वस्तू आमच्या घरात आहे. आजोबांची आरामखुर्ची. सागवानी, वेताची बैठक, रुंद लांब हात, आणि त्या हातांच्या खालून अजून एक-एक फळी फिरवून पुढे काढता येते ज्यावर पाय टाकायचे. आजोबा रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर रोज दुपारी त्या फळ्या बाहेर, पाय वर, छातीवर पेपर. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. खुर्ची गॅलरीत होती कपडे वाळत घालायला, पण लॉकडाऊनमध्ये पाठ दुखायला लागली म्हणून मी ती आत घेतली. लॅपटॉप मांडीवर, उजव्या हातावर माउस, डाव्या हातावर चहा, अख्खं ऑफिस त्या खुर्चीत मावायचं. महिन्याच्या शेवटी पगारपत्रकं करताना बारा-बारा तास मी त्यात असायचे. म्हणजे गाण्यात ती पोरगी जे म्हणतेय, की दिवसभर लांब खुर्चीत, दिवसभर लांब खुर्चीत, ते मी अक्षरशः करत होते.

पुढे एकदा त्यांच्या मुलाखतीत वाचलं की ती गाण्यातली शेज खरी आहे. हेस्टरच्या आजोबांची. रिअन हेस्टरकडे राहायला जायची तेव्हा तिच्यावर झोपायची, आणि एका संध्याकाळी सहज गंमत म्हणून दोघींनी ते गाणं लिहिलं. हे मी कुठे बसून वाचलं ते सांगायला नकोच. वाचून झाल्यावर मी उजवीकडची फळी फिरवून बाहेर काढली, कित्येक वर्षांत काढली नव्हती, जाम अडकली होती, खोबरेल सोडून सोडून काढली, आणि पाय वर टाकले.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपल्याला एखादा बँड सापडतो तेव्हा आजकाल काय होतं, की पहिल्याच रात्री तो अख्खाच्या अख्खा सापडतो. पाच अल्बम, लाइव्ह, मुलाखती, कोणी कुणाशी भांडून बँड सोडला ते सगळं, आणि आपण आधाशासारखे एकामागून एक लावत जातो, तीन दिवसांत पोट भरतं आणि चौथ्या दिवशी दुसरा बँड. मी कितीतरी चांगले बँड असे वाया घालवलेत. बाबा सांगतात की त्यांच्या लहानपणी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, आवडतं गाणं आठवड्यातून एकदा ऐकायला मिळायचं, ते संपलं की पुढच्या बुधवारपर्यंत ते डोक्यातच वाजवायचं. मला ही नेहमी नुसती म्हाताऱ्यांची आठवण वाटायची. पण इथे एक बँड होता ज्याचं दुसरं गाणंच जगात कुठे मिळत नव्हतं. पैसे देऊन नाही, शोधून नाही. मग काय करणार? तेच ऐकायचं.

आणि एकच गाणं दोन महिने ऐकलं ना की ते उघडत जातं. पहिल्या आठवड्यात मी फक्त गिटार यायची वाट बघायचे. मग बेस ऐकू यायला लागला, मग बोलणाऱ्या आवाजाच्या मागचा दुसरा आवाज. तो किती मागे उभा केलाय, दारातून डोकावल्यासारखा! मग शब्दांतला चावटपणा कळायला लागला जो आधी अजिबात कळला नव्हता, आणि मी आईसमोर स्पीकरवर लावणं बंद केलं. भावाचं म्हणणं वेगळंच. "ताई ड्रमर बघ, एक ठोका जास्तीचा नाही. मी असतो तर चार रोल मारले असते आणि गाणं मेलं असतं." त्याने पॅडवर ते वाजवायला घेतलं, सोसायटीत आधीच त्याच्या खऱ्या ड्रम्सवरून कटकट झालेली म्हणून पॅड, आणि वाशीची त्यांची सरावाची जॅम रूम तर कधीची बंदच होती. पंधरा दिवस तो रोज रात्री मला रेकॉर्डिंग पाठवायचा. सगळी एकसारखी. मला फरक कळायचा नाही, त्याला कळायचा.

असं पूर्वी एकदाच झालं होतं मला. २००६ ची गोष्ट, कॉलेजात एका सीनियरने सीडी राइट करून दिली होती आर्क्टिक मंकीज या बँडची. शेफील्डची पोरं, आमच्याच वयाची, आणि मी ती सीडी चरे पडेपर्यंत वाजवली होती. म्हणून वेट लेग डॉमिनो या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर आहेत हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, तेच लेबल, फ्रान्झ फर्डिनंड या बँडचंही तेच. आणि त्या लेबलने यांना घेतलं ते हे पहिलं गाणं बाहेर यायच्याही आधी, जेव्हा यांचे धड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कार्यक्रम झाले होते आणि पुढे कोविडने सगळंच बंद. कोणीतरी न गाजलेलं ऐकून "हे चांगलं आहे" म्हणालं. ते कान मला हवेत.

अजून एक कळलं तेव्हा मात्र मी जरा हादरले. अल्बम तयार होता! एप्रिल २०२१ मध्येच, दक्षिण लंडनमध्ये डॅन कॅरी नावाच्या प्रोड्यूसरच्या स्टुडिओत त्यांनी जवळजवळ सगळा अल्बम करून ठेवला होता. म्हणजे आम्ही इकडे एका गाण्यावर दिवस काढत होतो आणि बाकीची तिकडे शिजून झाकून ठेवलेली. चिडले नाही मी. उलट, घरात काहीतरी चांगलं करून ठेवलंय आणि संध्याकाळी मिळणार आहे असं लहानपणी कळलं की कसं व्हायचं, तसं.

त्यांच्या आयल ऑफ वाइट बेटाबद्दल थोडं सांगते, कारण त्या महिन्यांत मी नकाशावर तिथेच राहत होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून, मध्ये सोलंट नावाची खाडी, पलीकडे जायचं तर फेरीबोट नाहीतर होवरक्राफ्ट. लोकसंख्या साधारण १ लाख ४० हजार. आपलं एकटं ठाणे शहर १८ लाखांच्या वर, त्यामुळे मला ते गावच वाटतं. पण याच बेटावर १९७० च्या फेस्टिवलला जिमी हेंड्रिक्स वाजवून गेला, लाखो माणसं जमली होती, आणि पुढे कित्येक वर्षं तो फेस्टिवलच बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला २००२ मध्ये. आणि गाड्या! तिथे राइड ते शँक्लिन एवढीच छोटीशी रेल्वे आहे आणि राइडच्या बोगद्याची उंची कमी म्हणून नेहमीचे डबे त्यातून जात नाहीत, मग लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने, बुटके डबे आणून चालवतात. २०२१ च्या जानेवारीपर्यंत तिथे १९३८ साली बनलेले डबे धावत होते. आजोबांना हे सांगायला हवं होतं. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली होती हे ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, त्यांना १९३८ च्या डब्यांसाठी बोटीने त्या बेटावर जावंसं वाटलं असतं. आणि गंमत म्हणजे ती रेल्वेही कामासाठी तेव्हा बंद होती, जानेवारीपासून ते थेट १ नोव्हेंबरपर्यंत. त्यांची गाडी बंद, आमची गाडी बंद, आणि मध्ये हे गाणं.

आमची आधी सुरू झाली. १५ ऑगस्टपासून, दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना. माझे चौदा दिवस ऑगस्टच्या शेवटी भरले. स्टेशनवर सर्टिफिकेट दाखवून महिन्याचा पास काढला, ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर गेले, आणि खिडकी मिळाली. दीड वर्षांनी खिडकी. पाऊस चालू होता, पारसिकच्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या, मास्कमुळे चष्म्यावर वाफ, आणि मी ते गाणं लावलं. मग कळलं की हे गाणं गाडीतच ऐकायचं आहे. तो बेस! रुळांचा खडखडाट आणि तो बेस एकाच चालीने जात होते, कधी हा पुढे कधी तो. तेव्हा ठाणे ते ऐरोली मध्ये स्टेशन नव्हतं, गाणं दोनदा पूर्ण आणि तिसऱ्यांदा गिटार येता येता ऐरोली. मी उतरले नाही. रबाळेला उतरले आणि परत आले. ऑफिसला उशीर झाला, कोणी विचारलंही नाही, फ्लोअरवर सहाच माणसं होती.

सप्टेंबरच्या शेवटी दुसरं गाणं आलं. भावाने रात्री बाराला लिंक पाठवली आणि मी ती उघडली नाही. मला भीती वाटत होती, खरंच. आवडलं नाही तर? आणि आवडलं तर हे पहिलं फक्त "त्यांच्या गाण्यांपैकी एक" होणार. दोन दिवस लिंक तशीच ठेवली. मग ऐकलं, आवडलं, चांगलंच आहे ते, पहिल्यापेक्षा त्यात चाल जास्त आहे. पण त्या दोन दिवसांत मी पहिलं अजून एकदा नीट ऐकून घेतलं, एकुलतं असतानाच.

त्यापुढचं तुम्हाला कदाचित माहीत असेल, नसेल तर पटकन सांगते. ८ एप्रिल २०२२ ला अल्बम आला, बारा गाणी, इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरला गेला. जूनमध्ये ग्लास्टनबरी फेस्टिवलला पार्क स्टेजपुढे ही गर्दी. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन ग्रॅमी, एक अल्बमला आणि एक याच गाण्याला. सकाळी चहा करताना भावाचा फोन आला, तो नुसता ओरडत होता. आणि आई म्हणाली, "शेजेला मिळालं का बक्षीस?" अजूनही आमच्या घरात त्याला शेजच म्हणतात.

माझ्यापुरती मोठी गोष्ट मात्र वेगळी घडली. माझा एक बेस आहे, चार तारांचा, कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेला. नोकरी लागल्यावर दोन वर्षांत तो माळ्यावर गेला. तिथेच होता बारा वर्षं, मी त्याचं नावही काढत नसे कारण काढलं की वाईट वाटायचं. आणि आता हे गाणं असं की त्यातला बेस मला वाजवता येईल असं दिसत होतं. अवघड गाणं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं, "आता काय जमणार" म्हणून. हे म्हणत होतं की ये, एवढंच आहे, एका जागी पळायचंय फक्त. दिवाळीच्या साफसफाईत बेस खाली आला. तारा गंजलेल्या, नव्या मागवल्या, मान जराशी वाकली होती ती भावाने आणलेल्या चावीने सरळ केली. आणि वाजवायला घेतल्यावर कळलं की एका जागी पळणं काय असतं. अर्ध्या मिनिटात मनगट भरून येतं. वेग सोडायचा नाही, जोर वाढवायचा नाही, गिटार येईपर्यंत तसंच राहायचं. बोटांना फोड आले, फुटले, परत आले. सव्वातीन मिनिटं न थांबता वाजवायला मला फेब्रुवारी उजाडला.

११ जुलै २०२५ ला त्यांचा दुसरा अल्बम आला. आता त्या दोघीच नाहीत, दौऱ्यांवर सोबत वाजवणारे तिघेही पूर्ण बँडात आहेत, गाणी पाचही जणांनी मिळून केलेली, आणि ऐकल्यावर ते कळतं. रिअनचा आवाज मोकळा झालाय, आता ती खरंच गाते, पहिल्यासारखी दारामागे उभी राहून बोलत नाही. काहींना तेच पहिलं आवडतं आणि मला त्यांचं म्हणणं कळतं, पण मला हा अल्बम हवा होता. प्रेमाची गाणी आहेत यात, लाज न बाळगता केलेली.

तर त्या आनंदात एका रविवारी आम्ही वाशीला जॅम रूम बुक केली, एक तास, भाऊ, मी आणि त्याचा एक गिटार वाजवणारा मित्र. नवीन अल्बममधलं काहीतरी बसवू असं ठरलं होतं. बसवलं काही नाही. सेट झालो, भावाने काठ्या आपटून मोजलं आणि आपोआप शेजच सुरू झालं. शब्द कोणीच म्हणेना म्हणून मीच म्हटले, वाजवता वाजवता, आणि "काय?" ला दोघे ओरडले. मग पुन्हा तेच. नऊ वेळा वाजवलं आम्ही ते. सहाव्या वेळी ते बरोबर झालं, म्हणजे गिटार आली तेव्हा माझ्या पोटात ते झालं जे त्या रात्री ओट्यापाशी झालं होतं, फक्त आता त्याच्या खालून पळणारी मी होते. भावाने माझ्याकडे बघितलं आणि मी मान वळवली, नाहीतर बेस सुटला असता हातातून.

बाहेर आलो तर पुढच्या तासवाली पोरं भिंतीला टेकून बसलेली, अकरावी-बारावीतली असतील, पाठीवर गिटारी. त्यातला एक उठून आला आणि म्हणाला, "ताई, हे शेवटी वाजवत होता ते कोणाचं आहे?"

मी फोन काढला. दोन अल्बम आहेत आता, चोवीस गाणी, लाइव्ह तर मोजू नका. मी एकच लिंक पाठवली.

"बाकीची?" तो म्हणाला.

"आधी हे ऐक. महिनाभर तरी."

आतून त्याचे मित्र हाका मारत होते, केबल लागल्या होत्या, त्यांचा तास सुरू झाला होता, आणि तो पॅसेजमध्येच उभा होता, एका कानात इयरफोन घालून, दुसरा कान हाताने झाकून.